वैद्यकीय चित्रकार कसे व्हावे : चित्रकला आणि वैद्यक या दोन्हींची ओढ असलेल्यांसाठी

बारावीला जीवशास्त्र घेतलेले आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत चांगली श्रेणी मिळवलेले विद्यार्थी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, मला एकच प्रश्न विचारतात : चित्रकला सोडायची की वैद्यकाचा नाद सोडायचा? या दोहोंपैकी एक सोडलेच पाहिजे असे नाही. पाठ्यपुस्तकातील हृदयाची आकृती, शस्त्रक्रियेचे टप्पे दाखवणारी चित्रमालिका, दवाखान्याच्या भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता, औषध शरीरात काय करते ते समजावणारे ॲनिमेशन ही सारी कामे कोणी ना कोणी चित्रकार करत असतो आणि त्याला चित्रकलेइतकेच शरीरशास्त्रही यावे लागते. या व्यवसायाला वैद्यकीय चित्रकला म्हणतात. मी कला महाविद्यालयातून या कामाकडे वळले तेव्हा वाट दाखवणारे फारसे कोणी भेटले नाही, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी ही माहिती क्रमाने मांडत आहे.

या कलेचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने काढली होती. त्याच वर्षी तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता आणि कुष्ठरोग व मदुरा फूट (पायाला होणारा एक जुनाट संसर्ग) या विकारांवर त्याने केलेले संशोधन आजही नावाजले जाते. चित्र काढणारा आणि रोग्याला तपासणारा हात एकच असू शकतो, हे आपल्याच भूमीत दीडशे वर्षांपूर्वी दिसून आलेले आहे.

१. कोणते काम करायचे आहे ते आधी ठरवा

वैद्यकीय चित्रकलेच्या नावाखाली बरीच निरनिराळी कामे येतात. पाठ्यपुस्तके आणि शोधनिबंध यांतील आकृत्या, शस्त्रक्रियांची चित्रे, रुग्णांसाठी माहितीपत्रके आणि तक्ते, औषध कंपन्यांसाठी त्रिमितीय ॲनिमेशन, शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतिकृती ही त्यांतील मुख्य होत. कॅन्सरमुळे किंवा अपघातात कान, नाक वा डोळा गमावलेल्यांसाठी हुबेहूब कृत्रिम अवयव घडवणे आणि रंगवणे हेही याच कुळातले काम आहे. ज्यांचा हात शिल्पकलेत चालतो त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. आर्ट थेरपी मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तिथे रुग्ण स्वतः चित्र काढतो आणि तुम्ही मानसशास्त्राच्या बाजूने त्याला साहाय्य करता. दोन्हींची गल्लत केल्यास चुकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला जातो, म्हणून हा भेद सुरुवातीलाच लक्षात घ्यावा.

२. शिक्षणाचा मार्ग निवडा

आपल्याकडे या विषयाच्या स्वतंत्र पदवीची वाट अजून रुळलेली नाही. त्यामुळे कोणत्या तरी एका बाजूने आत शिरून दुसरी बाजू स्वतःच्या कष्टाने भरून काढावी लागते.

कलेच्या बाजूने येणाऱ्यांसाठी चार वर्षांची बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) ही पदवी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते आणि महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ झाले असल्याने तेथील प्रवेशाची पद्धत त्यांच्याच माहितीपुस्तिकेत पाहावी. नीट देऊन एमबीबीएस किंवा बीडीएस केलेल्यांना शरीरशास्त्र अधिकृतपणे शिकायला मिळते, मात्र रेखाटनाचा सराव त्या धबडग्यात टिकवणे कठीण जाते. तिसरी वाट जीवशास्त्रातील बीएस्सी आणि त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयातील एमएस्सी मेडिकल ॲनाटॉमी ही आहे. तिची प्रवेशपात्रता संबंधित विद्यापीठाकडून आधीच तपासून घ्यावी.

परदेशात शिकायचे असल्यास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा विभाग या विषयातला सर्वांत जुना आहे. माक्स ब्रोडेल या जर्मन चित्रकाराच्या नेतृत्वाखाली तो १९११ साली सुरू झाला. टोरोंटो विद्यापीठात आणि शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि ब्रिटनमध्ये डंडी विद्यापीठात मेडिकल आर्टची एमएस्सी आहे. उत्तर अमेरिकेतील हे अभ्यासक्रम उत्तम पोर्टफोलिओबरोबरच (म्हणजे स्वतःच्या निवडक चित्रांच्या संग्रहाबरोबरच) पदवी पातळीवरील जीवशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांची गुणपत्रकेही मागतात. अकरावीला ‘आता चित्रकलाच करायची आहे’ म्हणून जीवशास्त्र सोडणारे विद्यार्थी इथे अडकतात. परदेशाचा विचार मनात असेल तर अकरावी-बारावीला जीवशास्त्र सोडू नका आणि पदवीच्या काळातही त्या विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) मिळवण्याची सोय पाहा.

३. शरीररचना हाडांपासून शिका

इथे घाई करू नये. नवे चित्रकार बहुधा हृदय किंवा मेंदू यांपासून सुरुवात करतात, कारण ते दिसायला आकर्षक असतात. मी सर्वांना खांद्याचे हाड, म्हणजे स्कॅप्युला, घेऊन बसायला सांगते. ते पुढून, मागून आणि बाजूने काढा. प्रत्येक उंचवट्यापाशी थांबून विचारा की हा इथे का आहे, याला कोणता स्नायू लागतो आणि तो आखडला की हात कोणत्या दिशेला जातो. ही उत्तरे मिळाल्यावर तेच हाड पुन्हा काढा. पहिल्या चित्रात नुसती सावली वाटणारी मागची कड दुसऱ्या चित्रात ठामपणे उमटलेली दिसेल, कारण तिला काही प्रयोजन आहे हे आता हाताला कळलेले असते. वैद्यकीय चित्राचा सगळा कस याच ठिकाणी लागतो. दिसेल ते सगळे काढायचे नसते. कशाला महत्त्व द्यायचे आणि काय गाळायचे हे ठरवायचे असते आणि तो निर्णय समजुतीशिवाय घेता येत नाही.

ब्रोडेलचेच उदाहरण घ्या. मूत्रपिंडाचे चित्र काढण्याआधी त्यातल्या रक्तवाहिन्यांची मांडणी समजून घ्यावी म्हणून त्याने स्वतः अभ्यास केला आणि पुढच्या व मागच्या बाजूच्या धमन्यांच्या शाखा ज्या पट्ट्यात एकमेकींना जवळजवळ भेटत नाहीत तो पट्टा शोधून काढला. तिथे छेद घेतल्यास रक्तस्राव कमी होतो. आजही शल्यचिकित्सक त्या पट्ट्याला ‘ब्रोडेल लाइन’ म्हणतात. एका चित्रकाराचे नाव शस्त्रक्रियेच्या परिभाषेत गेले ते त्याच्या रेषेच्या सफाईमुळे गेलेले नाही, त्याने विचारलेल्या प्रश्नामुळे गेले.

हाडांनंतर सांधे, स्नायू, रक्तवाहिन्या आणि शेवटी आतले अवयव असा क्रम ठेवा. ऊतींचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाखाली करताना एमबीबीएसचे विद्यार्थी वापरतात ती जांभळ्या आणि गुलाबी रंगांची एच अँड ई पेन्सिलची जोडी घ्या (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या ऊती रंगवण्याच्या दोन रंगद्रव्यांवरून हे नाव आले). पेशीकेंद्रे जांभळी आणि बाकीचा बराचसा भाग गुलाबी हा भेद हातात बसला की ऊतींची चित्रे पटकन वाचता येऊ लागतात.

शवविच्छेदन कक्षात जाण्यासाठी शरीररचनाशास्त्र विभागप्रमुखांच्या नावे लेखी अर्ज करावा लागतो. आपल्या महाविद्यालयाचे शिफारसपत्र सोबत असेल तर काम सोपे होते. आत छायाचित्र काढू नका, मोबाइल बाहेर ठेवा आणि चेहऱ्याचे रेखाटन करू नका. तिथला देह कोणीतरी मृत्यूपूर्वी विचार करून दान केलेला असू शकतो, त्याच्या कुटुंबाने तो निर्णय दुःखाच्या वेळी पार पाडलेला असतो, याची जाणीव वागण्यात दिसली पाहिजे.

एक सापळा इथेच आहे. फॉर्मालिनमध्ये राखलेल्या देहात सगळे अवयव करड्या-तपकिरी रंगाकडे झुकतात. तेच पाहून रंगवलेले यकृत जिवंत माणसाचे वाटत नाही. जिवंत यकृत लालसर तपकिरी, पित्ताशय निळसर हिरवे आणि चरबी स्वच्छ पिवळी असते, शिवाय सगळ्यांवर ओलाव्याची चमक असते. आकार देहावरून घ्या, रंग शस्त्रक्रियेच्या व्हिडिओवरून घ्या.

४. रूढ संकेत पाठ करा

समोरून काढलेल्या चित्रात रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजवीकडे येते. शरीर उभे, तळहात पुढे अशी प्रमाण स्थिती धरतात. धमन्या लाल, नीला निळ्या, चेतातंतू पिवळे आणि लसीकावाहिन्या हिरव्या दाखवतात. प्रकाश बहुधा डावीकडून, वरून येतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांशी आल्यावर रंगांचा हा नियम उलटतो : फुप्फुसाकडे जाणारी धमनी अशुद्ध रक्त नेते म्हणून ती निळी आणि तिकडून परतणाऱ्या नीला लाल. नवोदितांच्या चित्रांत परीक्षक पहिल्यांदा हेच तपासतात. उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली आणि उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन, या गोष्टीही नजरेतून सुटू देऊ नयेत.

नावे लिहिण्याबाबत कार्टरकडून शिकण्यासारखे आहे. त्याने अनेक चित्रांत नावे बाहेर रेघा ओढून न लिहिता थेट त्या स्नायूवर किंवा हाडावर लिहिली, त्यामुळे वाचकाची नजर चित्र आणि सूची यांच्यात फिरत राहत नाही. जागा असेल तिथे हीच पद्धत वापरा. रेघा ओढाव्याच लागल्या तर त्या एकमेकींना छेदणार नाहीत याची काळजी घ्या.

५. साहित्य आणि साधने

एचबी, टूबी आणि फोरबी पेन्सिली, बारीक निबांची पेने, गुळगुळीत जाड कागद, ट्रेसिंग पेपर आणि एक चांगली वही एवढ्यावर पहिले वर्ष निभावते. संगणकावर काम सुरू करताना क्रिटा, इंकस्केप आणि ब्लेंडर ही चित्रकामाची तिन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. सीटी किंवा एमआरआयच्या फाइलींमधून अवयवाचा त्रिमितीय आकार काढण्यासाठी थ्रीडी स्लायसर आहे, तेही मोफत आहे. स्क्रीन असलेला महागडा टॅब्लेट आरंभी घेऊ नका. साधा पेन टॅब्लेट पुरतो. छपाईसाठी रंगीत चित्र छापायच्या आकारात किमान ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) असावे आणि रेषाचित्राला त्याहून बरेच जास्त लागते, म्हणून ते शक्यतो व्हेक्टरमध्येच, म्हणजे कितीही मोठे केले तरी रेषा न फाटणाऱ्या प्रकारात, करावे.

मजकूर लिहून चित्र तयार करून देणारी एआयची साधने आता सर्वांच्या हाताशी आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत एका आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेने अशा साधनाने केलेले उंदराचे चित्र छापले. त्यातील अवयव अशक्य प्रमाणात मोठे होते आणि नावे निरर्थक अक्षरांची होती. तो लेख मागे घ्यावा लागला. रंगसंगतीची कल्पना घेण्यापलीकडे अशा चित्रावर विसंबू नये.

६. शस्त्रक्रियेचे चित्र : सुरुवातीपासून शेवटपर्यंत

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया हे नवोदितांसाठी चांगले पहिले काम आहे, कारण ती सर्वत्र होते आणि तिचे व्हिडिओ सहज मिळतात.

आधी शस्त्रक्रिया वाचून या. पित्ताशयाची नलिका, यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका आणि यकृताची खालची कड यांच्यामध्ये एक त्रिकोण तयार होतो. शल्यचिकित्सक त्याला ‘कॅलोज ट्रँगल’ म्हणतात. या शस्त्रक्रियेतला सर्वांत मोठा धोका म्हणजे मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नलिका समजून कापणे. तो टाळण्यासाठी हा त्रिकोण पूर्ण मोकळा करतात, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवतात आणि पित्ताशयाकडे फक्त दोनच गोष्टी, एक नलिका आणि एक धमनी, जाताना दिसल्याशिवाय काहीही कापत नाहीत. या दृश्याला ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ म्हणतात. तुमच्या चित्राने नेमके हेच दृश्य दाखवायचे असते.

नंतर शल्यचिकित्सकांना भेटा आणि तीन प्रश्न विचारा : हे चित्र कोण पाहणार, त्यातून कोणती चूक टळायला हवी आणि तुम्ही कुठे उभे राहून पाहता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर चित्राची दिशाच चुकते. या शस्त्रक्रियेत कॅमेरा बेंबीपाशी असतो, टेबल डोक्याकडून वर उचललेले आणि किंचित डावीकडे कललेले असते, पित्ताशयाचे टोक चिमट्याने रुग्णाच्या उजव्या खांद्याच्या दिशेने वर ढकललेले असते. सर्जनला जसे दिसते तसेच चित्र काढावे. पुस्तकातल्या उभ्या शरीराप्रमाणे काढलेले चित्र त्याच्या उपयोगाचे नसते.

ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याची परवानगी मिळाली तर पोटभर नाश्ता करून जा, भूलतज्ज्ञ सांगतील तिथे उभे राहा आणि हिरव्या किंवा निळ्या निर्जंतुक कापडांपासून हातभर लांब राहा. चक्कर येते आहे असे वाटताच भिंतीला टेकून खाली बसा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

रेखाटन करताना व्हिडिओची एखादी फ्रेम जशीच्या तशी गिरवण्याचा मोह होतो. त्या फ्रेममध्ये रक्त असते, धूर असतो, उपकरणांची गर्दी असते आणि महत्त्वाची नलिका चरबीखाली दडलेली असते. रक्त काढून टाका, उपकरणे एक-दोनच ठेवा, दोन रचनांभोवतीची जागा किंचित मोकळी दाखवा आणि मागे दडलेली मुख्य पित्तनलिका तुटक रेषेने सुचवा. पेन्सिलचा कच्चा आराखडा शल्यचिकित्सकांना दाखवून त्यावर त्यांची सही घ्या आणि मगच रंगांकडे वळा. रंगवून झाल्यावर बदल सांगितले गेले तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

७. रुग्णांसाठी चित्रे काढताना

डॉक्टरांसाठी काढलेले चित्र रुग्णाला देऊन भागत नाही. हवेत तरंगणारे एकटे मूत्रपिंड हे मूत्रपिंड आहे, हे वैद्यकाशी परिचय नसलेल्या माणसाला कळत नाही. म्हणून आधी संपूर्ण शरीराची बाह्यरेखा काढून त्यात तो अवयव कुठे आहे ते दाखवा आणि मग मोठा करून दाखवा. त्वचेचा रंग, कपडे, घर ही आपली असू द्यात. स्तनपानाच्या चित्रात नऊवारी किंवा साध्या साडीतली, पदर सावरून बसलेली आई असेल तर आशाताई तो तक्ता गावात निःसंकोच दाखवू शकतात. नावे मराठीत लिहिताना शुद्ध परिभाषेचा हट्ट धरू नका : ‘स्वादुपिंड’ लिहा, पण रिपोर्टवर ‘पॅन्क्रियाज’ येणार असेल तर तोही शब्द शेजारी द्या. तक्ता छापण्याआधी चार-पाच रुग्णांना दाखवून ‘यात काय दिसते?’ एवढेच विचारा आणि ते काय बोलतात ते लिहून घ्या.

८. संमती, करार आणि हक्क

रुग्ण ओळखू येईल असे कोणतेही चित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय काढू अथवा वापरू नका. गोंदण, जन्मखूण, एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव या गोष्टींवरूनही ओळख पटते. सीटीच्या मूळ फाइलीत रुग्णाचे नाव आणि वय आतल्या आत साठवलेले असते; ते पुसून दिलेली प्रतच रुग्णालयाकडून मागून घ्या.

दुसऱ्याची चित्रे गिरवू नका. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. कार्टर १८९७ साली वारला, त्यामुळे त्याची चित्रे मोकळी आहेत. पण प्रसिद्ध अमेरिकी डॉक्टर-चित्रकार फ्रँक नेटर १९९१ साली वारला, म्हणजे त्याची चित्रे अजून कित्येक वर्षे मोकळी होणार नाहीत. गिरवण्यात दुसरा धोका असा की मूळ चित्रातली चूक तुमच्या नावावर जमा होते.

तुमच्या स्वतःच्या हक्कांबाबत अधिक सावध राहा. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राबाबतही करार नसल्यास काम देणाऱ्याचा दावा बळकट ठरतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच लेखी करार करा. चित्र कोणत्या पुस्तकात, किती आवृत्त्यांसाठी, कोणत्या देशांत आणि किती वर्षे वापरले जाईल हे त्यात स्पष्ट लिहा. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. किती वेळा बदल करून दिले जातील आणि आगाऊ रक्कम किती, हेही कागदावर असू द्या. ओळखीच्या डॉक्टरांबरोबर काम करताना करार मागणे अवघड वाटते, पण एक साधा ईमेल आणि त्याला आलेले ‘मान्य’ हे उत्तरसुद्धा नंतरचा वाद टाळते.

९. पोर्टफोलिओ आणि पहिले काम

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी : ड्रॉइंग ग्रेड परीक्षांची प्रमाणपत्रे, पदवीची गुणपत्रके, शरीररचना विभागाचे परवानगीपत्र, ज्या डॉक्टरांनी चित्रे तपासली त्यांचे शिफारसपत्र, रुग्णसंमतीचा कोरा नमुना आणि कराराचा नमुना.

पोर्टफोलिओत दहा-बारा चित्रे पुरतात, पण प्रत्येकाचा विषय निराळा असावा : हाडाचा अभ्यास, एखाद्या अवयवाचा छेद, शस्त्रक्रियेची मालिका, रुग्णांसाठी मराठी तक्ता, ऊतीचे चित्र. निदान एका कामाचा कच्चा आराखडा, डॉक्टरांच्या सूचना आणि पूर्ण चित्र हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. काम देणारे सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबतात. अनेक जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत चित्रकाराचे किंवा मॉडेलरचे (प्रतिकृती घडवणाऱ्याचे) पद असते, मात्र जाहिराती क्वचित निघतात. त्यामुळे पहिले काम बहुधा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांकडून मिळते. त्यांना प्रबंधासाठी आणि शोधनिबंधासाठी आकृत्या हव्या असतात, वेळ अजिबात नसतो आणि मार्गदर्शकांच्या सूचनाही त्यांच्याकडे तयार असतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सा आणि अस्थिरोग विभागांत प्रबंध जमा करण्याची तारीख कोणती आहे ते विचारून घ्या आणि तिच्या तीन-चार महिने आधी आपली चित्रे घेऊन जा.